‘छोटा भारत’ आणि शिरगणतीचा रकाना

बुलढाण्याहून मराठवाड्याच्या दिशेने निघाले की वऱ्हाडच्या वेशीवर धाड हे गाव लागते. गावापासून थोड्याच अंतरावर जालना जिल्ह्याची हद्द सुरू होते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना माती तीच, पीकपाणी तेच. इकडच्या लेकी तिकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे. तरीही १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढची जवळपास शंभर वर्षे या दोन बाजूंची माणसे दोन निराळ्या सरकारांची प्रजा होऊन राहिली. १९३१ ची शिरगणती झाली तेव्हा धाडचा शेतकरी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’च्या खंडात मोजला गेला आणि भोकरदनचा त्याचा व्याही ‘हैदराबाद संस्थाना’च्या खंडात. एका मांडवात शेजारी बसणारी माणसे दोन ग्रंथांत विभागली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले तेव्हा ही रेघ कागदावरून पुसली गेली. मनातून ती किती पुसली, हे अनुशेषाचा विषय निघाला की विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात कळतेच.

शिरगणती हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. माणसे मोजण्यापूर्वी रकाने आखावे लागतात, आणि ते आखणारा हात बहुधा सत्तेचा असतो. ज्याच्यासाठी रकाना आखला, तो समाज दोन-तीन पिढ्यांनंतर त्या रकान्यातूनच स्वतःकडे पाहू लागतो. याचे अत्यंत बोलके उदाहरण आफ्रिका खंडातील एका छोट्या देशात पाहावयास मिळते, आणि त्या उदाहरणात मराठी माणूसही आहे. तो देश म्हणजे मॉरिशस.

मॉरिशसविषयी आपल्याकडे मोठ्या अभिमानाने बोलले जाते. व्यासपीठावर वक्ता उभा राहिला की ‘मॉरिशस म्हणजे छोटा भारत’ हे वाक्य ठरलेलेच. पाठोपाठ आकडे येतात. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत, वार्षिकांकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते वर्षानुवर्षे छापले जात आहेत : भारतीय वंशाचे ६८ टक्के, क्रेओल २७ टक्के, चिनी ३ टक्के, फ्रेंच २ टक्के. विद्यार्थी ते पाठ करतात, वक्ते ते उद्धृत करतात. हे आकडे आले कोठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

उत्तर चकित करणारे आहे. मॉरिशसच्या जनगणनेने ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न अखेरचा विचारला तो १९७२ मध्ये. १९८२ मध्ये तेथील राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि तो प्रश्न जनगणनेतून गेला. म्हणजे ज्या टक्केवारीवर आपल्याकडे भाषणे होतात, तिला अर्धशतकाहून अधिक काळ ताज्या मोजणीचा आधार नाही. त्यानंतर धर्म विचारला गेला, भाषा विचारली गेली. वंश विचारला गेला नाही. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख ३५ हजार लोकसंख्येपैकी ४७.९ टक्के हिंदू, ३२.३ टक्के ख्रिस्ती आणि १८.२ टक्के मुस्लिम नोंदले गेले. या तीन आकड्यांत ‘६८ टक्के भारतीय’ कोठेच दिसत नाहीत. ते हिंदूंत आहेत, मुस्लिमांत आहेत आणि काही ख्रिस्ती समाजातही आहेत.

गुलाम आणि मालक एकाच खान्यात

मॉरिशसवर मूळचा असा कोणी मनुष्यच नव्हता. डच आले, ऊस लावून आणि डोडो पक्ष्याचा निर्वंश करून १७१० मध्ये निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले, पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आणले आणि पोर्ट लुई हे बंदर उभारले. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. जमीन मात्र फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहू दिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. तेव्हा इंग्रज सरकारने भरपाई दिली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते त्यांच्या हाती छदामही पडला नाही.

गुलाम सुटताच मळ्यांवर राबायला माणूस हवा होता, आणि तो हिंदुस्थानातून आणण्याची व्यवस्था अगोदरच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय करारावर त्या बेटावर उतरले. १८६१ पर्यंत बेटावरच्या दर दहा माणसांत सहा भारतीय झाले होते. ज्या पायऱ्यांवरून ते चढले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

हा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो, आणि सांगितला जावा. मात्र तो सांगताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. १९६८ मध्ये स्वातंत्र्याबरोबर आलेल्या राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात मॉरिशसच्या जनतेचे चार समाज मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि जो कोणी आपल्या राहणीवरून या तिघांपैकी दिसत नाही तो ‘सर्वसाधारण लोकसंख्ये’तला. या चौथ्या खान्यात कोण आले? मळ्यांचे मालक असलेले मूठभर गोरे फ्रेंच आणि त्यांच्याच मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, दोघेही. ज्याने साखळी घातली आणि ज्याच्या पायात ती पडली, ते दोघे कायद्याने एकाच समाजाचे झाले. आफ्रिकेचा भाग असलेल्या या देशात आफ्रिकी वंशाच्या माणसाला स्वतःचे नावसुद्धा मिळाले नाही. उरलेले ते सारे तुम्ही, एवढीच त्याची ओळख.

राहणीवरून माणसाचा समाज ठरवायचा ही कल्पनाही मासलेवाईक आहे. पोर्ट लुईचा एखादा तमिळ ख्रिस्ती रविवारी चर्चमध्ये जातो आणि घरी रसम-भात जेवतो. त्याची राहणी कोणती, याचा निवाडा कोणी करायचा? घटनाकारांनी तो प्रश्न उमेदवारावर आणि वेळ पडल्यास न्यायालयावर टाकला.

अर्थात हे रकाने उगाच आखले गेले नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने बॅनवेल आयोग नेमला तेव्हा बेटावरच्या मुस्लिम, चिनी आणि क्रेओल समाजांना हिंदू बहुमताची धास्ती होती. त्या धास्तीवर उतारा म्हणून ‘बेस्ट लूझर’ पद्धत आली. निवडणुकीत ६२ सदस्य थेट निवडून द्यायचे. मग ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्याच्या पराभूत उमेदवारांपैकी अधिक मते मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा द्यायच्या. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली आणि शांततेसाठी ब्रिटिश सैन्य आणावे लागले. अशा परिस्थितीत, दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून निवडलेल्या १२ मार्च या तारखेला, तो देश स्वतंत्र झाला. त्यानंतर त्या देशात लोकशाही टिकली, सत्तांतरे मतपेटीतून झाली, आणि आफ्रिका खंडात इतक्या सुरळीत कारभाराची उदाहरणे फार थोडी आहेत. याचे काही श्रेय या पद्धतीला द्यावेच लागेल.

पण उतारा म्हणून दिलेले औषध रोजचा आहार होऊन बसले. आठ जागांचा हिशेब अजूनही १९७२ च्या आकड्यांवर मांडावा लागतो, कारण नंतरचे आकडेच नाहीत. उमेदवारी अर्जावर समाज लिहिण्यास ज्यांनी नकार दिला त्यांचे अर्ज बाद झाले. हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेले, आणि २०१२ मध्ये समितीने निर्वाळा दिला की इतक्या जुन्या मोजणीच्या आधारे उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणे मनमानी आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सवलत मिळाली. मूळ परिशिष्टातले चार खाने कायम राहिले.

मराठी हा धर्म?

आता या चित्रात मराठी माणूस कोठे आहे ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबई बंदरातून जी जहाजे मॉरिशसला गेली, त्यांतून रत्नागिरीकडचे आणि घाटावरचे मराठी मजूर गेले. बंदरावर उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळाला. कारकुनाने ऐकले तसे नाव रोमन लिपीत लिहिले. वडिलांचे नाव, आडनाव, गाव यांची सरमिसळ झाली आणि पणजोबांचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. म्हणून आजही तिकडे भिवाजी, बाबाजी अशी आडनावे आढळतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी भारत व मॉरिशस सरकारांनी मिळून १९७० मध्ये उभी केली, या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. आपले मूळ गाव शोधणारी कुटुंबे त्या वह्यांतल्या तिरक्यातारक्या स्पेलिंगवरून कोकणातले एखादे गाव हुडकू पाहतात.

या माणसांनी काय टिकवले याचा विचार केला की मन भरून येते. मॉरिशसच्या मराठी समाजात गणेशोत्सवाची परंपरा १८९६ पासून, हेन्रिएटा या गावातून सुरू झाल्याचे सांगितले जाते. लोकमान्यांनी पुण्यात उत्सव सार्वजनिक केला त्याला तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती. ऊसमळ्यावरच्या झोपडीत राहणारा, करारात बांधला गेलेला माणूस मातीचा गणपती करतो, टाळ-ढोलकी जमवतो, जाखडी नाचतो आणि दीड दिवसाने मूर्ती समुद्रात सोडतो, यामागे कोणती संस्था नव्हती, अनुदान नव्हते, शासननिर्णय नव्हता. आज गणेशचतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे.

इथपर्यंतचे सारे अभिमानास्पद. पण ही सुट्टी तिकडे कशी मोजली जाते? काव्वडी ही तमिळांची सुट्टी, उगादी तेलुगूंची, गणेशचतुर्थी मराठ्यांची, महाशिवरात्र आणि दिवाळी हिंदूंची. आपल्याकडे ‘हिंदू’ आणि ‘मराठी’ हे शब्द एका ओळीत, एकमेकांपासून वेगळे म्हणून मांडले तर शाळकरी पोरही हसेल. तिकडे मात्र जनगणनेच्या धर्मविषयक तक्त्यांत तमिळ, तेलुगू, मराठी हे शब्द ‘हिंदू’ या शब्दाच्या शेजारी, निराळे खाने म्हणून छापलेले आढळतात. तिकडे ‘हिंदू’ म्हटले की रोजच्या बोलण्यात बिहार आणि संयुक्त प्रांतातून गेलेल्या भोजपुरी माणसांचा वंशज समजायचा, आपण मराठी. वर्षप्रतिपदेचा दिवस एकच. पण उगादी तेलुगूंच्या नावावर लागली म्हणून त्याच दिवशीच्या गुढीपाडव्याने शेजारच्या घराची सुट्टी उपभोगायची!

भाषा धर्म कशी झाली? काही दोष इंग्रजांच्या कारकुनाचा, ज्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांवरून माणसांची वर्गवारी केली. काही दोष तमिळ समाजाशी झालेल्या व्यवहाराचा. १९९८ मध्ये मॉरिशसच्या नव्या चलनी नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि अखेर मध्यवर्ती बँकेला त्या नोटा मागे घेऊन तमिळ पूर्ववत वर असलेल्या नोटा काढाव्या लागल्या. एक ओळ वर की खाली, यावरून एकाच मंदिरात जाणारी माणसे समोरासमोर आली. आणि बराच दोष राजकारणाचा. मंत्रिमंडळ बनवताना तिकडे किती वैश्य, किती राजपूत, किती रविवेद, किती तमिळ, किती तेलुगू, किती मराठी असा हिशेब घातला जातो. मराठी समाजाच्या वाट्याला त्यातून अधूनमधून एखादे मंत्रिपद येते. ते टिकवायचे तर आपण वेगळे आहोत हे दाखवत राहणे भाग, आणि वेगळेपण दाखवायला सर्वांत सोपी जागा म्हणजे जनगणनेचा रकाना. हिंदू समाजाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी मॉरिशसचा हा नमुना नीट अभ्यासावा. फूट पाडणारा इंग्रज १९६८ ला गेला. त्याचा तक्ता मात्र स्वतःच्या माणसांनी प्रेमाने जपला.

तक्त्यात वाढ, ओठांवर घट

यातून निदान मराठी भाषा तरी वाचली असती तर या वेगळेपणाला काही अर्थ होता. ती वाचली नाही.

मॉरिशसच्या जनगणनेने भाषेचे दोन प्रश्न विचारले : पूर्वजांची भाषा कोणती आणि घरात सध्या कोणती बोलता. पहिल्याचे उत्तर अभिमानाने दिले जाते, दुसऱ्याचे खरे दिले जाते. २०११ च्या जनगणनेत घरात क्रेओल बोलणारे ८६.५ टक्के निघाले, भोजपुरी ५.३ टक्के, फ्रेंच ४.१ टक्के. मराठीला टक्केवारीत गणण्याइतकेही स्थान नाही. २००० सालीच घरात मराठी बोलणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आत आली होती. म्हणजे मराठी म्हणवणारी कुटुंबे हजारोंनी आहेत, त्यांच्या संस्था आहेत, कायद्याने स्थापन झालेला मराठी भाषिक संघ आहे, सरकारी शाळांत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकवली जाते, दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम लागतात. आणि जेवणाच्या पाटावर आई मुलाशी क्रेओलमध्ये बोलते.

त्या आईला दोष देता येत नाही. क्रेओल ही त्या बेटावर जन्मलेली भाषा आहे. गुलामांनी मालकांच्या फ्रेंचमधून ती घडवली आणि बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्याशी ती सर्वांना जोडते. मराठी माणसाने ऊसमळ्यावर आधी भोजपुरी शिकली, मग क्रेओल. मराठीचा उपयोग पूजेपुरता आणि आरतीपुरता उरला. भाषा पूजेत गेली की ती पवित्र होते, आणि मग तिच्यात कोणी भांडत नाही, हिशेब करीत नाही, विनोद करीत नाही. रकान्यात धर्म म्हणून ‘मराठी’ लिहिण्याची सवय आणि घरातून मराठी जाणे या दोन घटना एकाच वाटेने झाल्या आहेत.

भोजपुरीची कथाही फार निराळी नाही. जिल्हा एक, गाव एक, बोली एक अशी माणसे बिहारमधून गेली. पुढे पूर्वजांची भाषा लिहिण्याची वेळ आली तेव्हा हिंदू कुटुंबांनी बहुसंख्येने हिंदी लिहिली. मुस्लिम कुटुंबांनी उर्दू लिहिली, आणि अनेकांनी तर अरबी लिहिली. आजोबा दोघांचेही भोजपुरी बोलत होते. त्या आजोबांना दोघांनीही नाकारले, कारण हिंदी आणि अरबी हे शब्द रकान्यात अधिक भारदस्त दिसत होते.

मग महाराष्ट्राने काय केले? १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या तिन्ही गोष्टी योग्यच. ज्या जिजाऊंनी शिवराय घडवले त्यांचे जन्मस्थान सिंदखेडराजा धाडच्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या मातीशी नाते सांगणारा पुतळा हिंदी महासागरातील बेटावर उभा राहिला म्हणून बुलढाण्याच्या माणसाची छाती फुगली तर नवल नाही. पण पुतळ्याच्या चौथऱ्याशी उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्यावरची मराठी अक्षरे वाचता येतात का, वाचली तर कळतात का, हे विचारणारे शिष्टमंडळ अजून निघायचे आहे. शिष्टमंडळे जातात ती पाच दिवसांची. स्वागत, शाल, नारळ, छायाचित्र, समुद्रकिनारा, आणि परतल्यावर ‘छोटा भारत’ या शीर्षकाचा प्रवासवृत्तान्त. क्रेओल येणारा मराठीचा शिक्षक घडवावा, क्रेओल-मराठी शब्दकोश करावा, मुलांना हसू येईल अशी पुस्तके दरवर्षी पाठवावीत, या कामांना शाल-नारळाची सोय नसते.

‘छोटा भारत’ या शब्दप्रयोगाबद्दल तर अधिक गंभीरपणे बोलले पाहिजे. मोठेपणा मिरवण्यासाठी मुंबई-नागपुरात उच्चारलेला हा शब्द पोर्ट लुईच्या क्रेओल तरुणाच्या कानावर पडतो तेव्हा त्याला काय ऐकू येते? त्याच्या पूर्वजांना या बेटावर साखळदंडातून आणून भारतीय मजुरांच्याही शंभर वर्षे आधी राबवले, त्यांना ना भरपाई मिळाली ना रकान्यात नाव. आणि आता त्यांचा देश दुसऱ्याच कोणाची छोटी आवृत्ती! फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रेओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि काही दिवस ते बेट पेटले. त्या आगीची धग भारतीय वंशाच्या वस्त्यांपर्यंतही पोचली. परदेशातल्या आपल्या माणसांविषयी आस्था असणाऱ्याने त्यांच्या शेजाऱ्याच्या मनातही डोकावायला हवे, कारण वक्ता भाषण करून विमानात बसतो आणि त्या शेजाऱ्याजवळ राहायचे असते ते तिथल्या मराठी कुटुंबाला. मॉरिशस हा मॉरिशियन लोकांचा देश आहे. त्यातला मराठी माणूस त्याचा पुरा नागरिक आहे आणि कोणाचाही प्रतिनिधी नाही. तेथील राजकारण्यांनाही हे उशिरा का होईना उमजलेले दिसते. २००३ ते २००५ या काळात पॉल बेराँजे हे फ्रेंच वंशाचे गृहस्थ पंतप्रधान झाले, १९९२ मध्ये राष्ट्रपती झालेले कासम उत्तीम दहा वर्षे त्या पदावर राहिले, आणि आकाश कोसळले नाही.

रकान्याचा हा प्रश्न समुद्रापलीकडचाच आहे असेही नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून भारताची जनगणना घेण्याची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. १९३१ नंतर प्रथमच या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचे ठरले. कोण किती मागे राहिला हे कळल्याशिवाय त्याला पुढे आणता येणार नाही, म्हणून ही मोजणी आवश्यक आहे. तिला विरोध करण्यात शहाणपणा नाही. मात्र आठ जागांसाठी अर्धशतक जुना तक्ता उराशी धरून बसलेला देश डोळ्यांसमोर असताना, मोजणी कल्याणयोजनेच्या टेबलावर संपते की उमेदवारीच्या यादीत शिरते, याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष हवे. आणि जातीच्या रकान्यावर एवढी चर्चा होत असताना त्याच फॉर्मातल्या मातृभाषेच्या रकान्याकडे कोणाचे लक्ष नाही.

बुलढाणा जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. प्रगणक दारी येतो तेव्हा तांड्यावरची बाई आपली भाषा सांगते : गोरमाटी, लमाणी किंवा बंजारी. तिची सून मराठी शाळेत शिकलेली, पोरे बाजारात मराठीच बोलतात. प्रगणक सांगितलेले नाव प्रामाणिकपणे लिहून घेतो. पुढे दिल्लीत भाषांचे तक्ते तयार होतात, आणि २००१ मध्ये झाले, २०११ मध्ये झाले, त्याप्रमाणे लमाणी व बंजारी या मातृभाषा ‘हिंदी’ या शीर्षकाखाली मिळवल्या जातात. भोजपुरीही तिथेच. मॉरिशसला गेलेल्या भोजपुरीला निदान स्वतःचा रकाना तरी मिळाला. धाडच्या आसपास वाढलेल्या त्या बाईला आपण हिंदी भाषिक म्हणून मोजले गेलो, हे कोणी सांगायलाही आलेले नाही.